मंडपातली रिकामी जागा

आमचे हे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि मी पोस्टाच्या काउंटरवर बसायची. माणूस म्हणजे काय हे दोघांपैकी कोणाला जास्त कळलं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्याकडे पुस्तकं होती, माझ्याकडे रांग होती. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला लपवू म्हटलं तरी काही लपवता येत नाही, असं माझं मत आहे.

यांना देवनागरी वाचता येत नाही. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात ही भाषा पिढ्यान् पिढ्या बोलली जाते, पण ती तोंडातच राहिली, कागदावर सगळं तमिळ आणि इंग्रजी. मला लिपी येते ती शाळेत असताना दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे. म्हणजे मी इथे काय लिहिते आहे ते यांना कळायचं तर मीच वाचून दाखवायला हवं, आणि कुठली पानं वाचायची, कुठली गाळायची, ते माझ्या हातात आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोकडे एवढी सत्ता असायला हरकत नाही.

यांचा जीव अस्तित्ववादात. इतर विषय हे शिकवायचे, हा मात्र जगायचे, म्हणजे निदान जेवताना तरी. ‘इडलीपात्र घडवणाऱ्याच्या डोक्यात आधी इडली असते, पात्र मागून येतं,’ असं हे वर्गात सांगायचे. ‘माणसाचं उलटं आहे. माणूस आधी येऊन बसतो. तो कशासाठी आला, हे कोणी ठरवून ठेवलेलं नसतं. ते त्याचं त्यानं ठरवायचं, आणि रोज ठरवायचं.’ मुलांना हा दाखला फार आवडायचा. मला तो ऐकवला तेव्हा मी इडल्याच काढत होते.

“मग माझ्या हातांत हें पात्र कोणीं देऊन ठेवलें?” मी विचारलं.

यांनी बराच वेळ विचार केला, आणि त्या दिवसापासून चटणी हे वाटू लागले. तत्त्वज्ञानाचा मला झालेला तो पहिला उपयोग.

यांचा दुसरा आवडता धडा खोटेपणाचा होता. माणूस दुसऱ्याशी खोटं बोलतो त्यात विशेष काही नाही, हे म्हणायचे. खरी गंमत तो स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा. तेव्हा तो त्या खोट्याला इतके दागिने घालतो की शेवटी त्यालाच ते सत्य वाटायला लागतं. हा धडा मी नीट ऐकून ठेवला होता, कधीतरी लागेल म्हणून.

तंजावुरात निवृत्त झालेला माणूस एकतर देवळाच्या राजकारणात पडतो नाहीतर गाण्याच्या सभेच्या. यांनी दोन्हीकडे पाठ फिरवली आणि मेल वीथी नावाच्या रस्त्यावर एका माडीत चालणाऱ्या चित्रांच्या क्लासात नाव घातलं. तिथे सगळ्या बायका. शिकवणारी टीचर आमच्या लेकीपेक्षा लहान. ती यांना सर म्हणायची आणि चुकलं की सरांना सगळ्यांसारखीच झापायची. मला वाटलं महिन्याभरात परत येतील. हे रमले. ‘आयुष्यभर शब्दांनी सांगून थकलों,’ म्हणाले. ‘चित्र काही सांगत नाही, समोर उभें राहतें. माणसानें तसेंच असावें.’ मी म्हटलं, उभे राहा, पण येताना कोथिंबीर आणा.

आमच्या गावचं चित्र म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर चित्र आखायचं. मग खडूची भुकटी आणि डिंक कालवून त्या लेपाचे थर द्यायचे, म्हणजे खांब, कमान, दागिने, हार हे सगळं फुगून वर येतं. त्यात काचेचे खडे बसवायचे, वरून सोन्याचा वर्ख दाबायचा. एवढं झालं की रंग. अगदी शेवटी देवाचा चेहरा, आणि चेहऱ्यातही शेवटी डोळे. क्लासची रीत अशी की चित्र ज्याच्यासाठी असेल त्याला समोर बसवून डोळे उघडायचे, म्हणजे देवाची पहिली नजर त्याच्यावर पडते. आणि डोळे ज्याचं चित्र त्यानंच काढायचे. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये, टीचरचासुद्धा.

यांचा पहिला कृष्ण लेकीच्या लग्नासाठी होता. लोण्याचा गोळा धरलेला, गुबगुबीत, गालावर गाल चढलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी ती हळदीच्या अंगानं समोर येऊन बसली आणि यांनी श्वास रोखून डोळे काढले. एक डोळा किंचित मोठा झाला. यांचा चेहरा पडला.

“असूं द्या अप्पा,” लेक म्हणाली, “तो मला डोळा मारलाय.”

तो डोळा मारणारा कृष्ण ती कोइमतुराला घेऊन गेली. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात तो तिच्याबरोबर फिरला, आणि आमची लेक कुठल्याही घरी गेली की सामान लावण्याआधी खिळा शोधायची.

मग यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी बोटापुरतं वाटलं, मग मनगटापुरतं, मग वाटण्यापलीकडे गेलं. डॉक्टरांनी त्याला एक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढेल म्हणाले. आम्ही दोघं ऑटोत बसून घरी आलो. वाटेत हे एवढंच म्हणाले, “पोरीला सांगायचें नाही. तिचें घर होऊं दे आधी.” लेकीनं आणि जावयांनी तेव्हा नुकताच फ्लॅट घेतला होता. हॉलमधली मोठी भिंत अप्पांच्या मोठ्या कृष्णासाठी राखून ठेवलीय, असं तिनं फोनवर बजावून सांगितलं होतं. खांबांचा मंडप हवा, वर पोपट हवेत, मधोमध कृष्ण. गृहप्रवेशाच्या दिवशी तिला त्याच्यासमोर बसायचं होतं.

हे लपवण्याच्या मागे लागले. व्हिडिओ कॉलवर हात मांडीखाली. कोणी आलं की हात अंगवस्त्रात. माझ्यापासून लपवायचं काही नव्हतं, डॉक्टरांकडे मीच नेलं होतं; पण एकदा घरी आल्यावर हा विषयच घरात नाही असं हे वागू लागले, आणि मीही त्यांच्या तालावर नाचले. सकाळची कॉफी मी टंबलरमध्ये काठोकाठ भरत असे, ती थोडी कमी भरू लागले. मग अर्धीच. उरलेली डवऱ्यात, म्हणजे टंबलरखालच्या वाटीत, ठेवून नंतर ओतायची. सांडली तर पुसायचं फडकं माझ्या कमरेलाच असायचं. यांच्यावर माझा जीव आहे हे मी यांना कधी सांगितलेलं नाही. अर्धा टंबलर भरताना मात्र मला ते रोज जाणवायचं, आणि रोज थोडा रागही यायचा.

चित्र सुरू झालं. लेपाच्या कामात थरथर खपून जाते, उलट वेलबुट्टीला जरा जीव येतो. खडे बसवताना वेळ लागायचा पण बसायचे. वर्ख बोटानं दाबायचा, तेही जमलं. खांब उठून दिसायला लागले, कमान झाली, कमानीवर पोपट आले, पडदे झाले, झालरी झाल्या, हार झाले. लाल रंगाचा पट्टा टीचरनं मारून दिला, तो नियमात बसतो. आता मधली जागा उरली. कृष्णाची आकृती पेन्सिलीनं आखलेली होती. तिथे हातानं ऐकायला हवं. भुवई एका रेघेत येते, ओठ एका रेघेत येतो. तिथे अडलं.

हे रोज क्लासला जायचे आणि रोज तेच पोपट पुन्हा हिरवे करून यायचे.

एके दिवशी यांनी खोडरबर घेतलं आणि कृष्णाची पेन्सिल पुसून टाकली. चित्र घरी आणलं, भिंतीला टेकवलं आणि मला बोलावलं.

“जाहलें,” म्हणाले.

“कृष्ण?”

“कृष्ण नाही. ही जागा अशीच ठेवायची. मंडप आहे, पडदे सरलेत, हार तयार आहेत, आणि आत कोणी नाही. इथें कोण यायचें हें कोणीं ठरवून ठेवलेलें नाही. पाहणाऱ्यानें ठरवायचें. मीं तीस वर्षें जें सांगत आलों तें हेंच.”

बोलताना यांचा चेहरा असा खुलला होता की वर्गात अशा वेळी मुलांनी बाकं वाजवली असतील. आणि खोटं कशाला बोलू, चित्र सुरेख दिसत होतं. सोन्याचा एवढा थाट आणि मधोमध कोरी, पिवळट पांढरी जागा. यांचा हात मात्र अंगवस्त्रात होता.

पापनाशमहून माझी मोठी जाऊ आली होती. ती हॉलमध्ये उभी राहून पाहत राहिली.

“कृष्ण कुठें गेला, भावजी?”

“तो येईल नाहीतर येणार नाही, वहिनी. मंडप त्याच्यावर अवलंबून नाही.”

“अय्यो,” ती म्हणाली, “गायी राखायला गेला म्हणून सांगा ना, बरें वाटेल.” आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, यांचं देवाशी काही बिनसलं आहे का.

जाऊ गेल्यावर माझा तोल सुटला. मी हॉलमध्ये जाऊन उभी राहिले.

“तुम्हींच शिकवीत होतां ना,” मी म्हटलं, “माणूस आपल्याशींच खोटें बोलतो आणि त्याला दागिने घालतो म्हणून? मग हें काय आहे? सोन्याचा वर्ख लावून केलेलें खोटें.”

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोपटाकडे पाहिलं.

“तुला चित्रांतलें कळत नाही,” म्हणाले.

मला चित्रातलं कळत नाही हे खरं आहे. पण यांच्यातलं कळतं. त्या दिवशी संध्याकाळची कॉफी मी काठोकाठ भरली आणि यांच्यासमोर ठेवली. यांनी ती तशीच राहू दिली. निवून साय धरली तेव्हा मलाच वाईट वाटलं, आणि मी ती उचलून अर्धी करून परत आणून ठेवली.

फ्रेमचं काम माझ्याकडे आलं. गृहप्रवेश जवळ आला होता. “दुकानदाराला नीट समजावून सांग, जागा मुद्दाम रिकामी आहे,” यांनी बजावलं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फ्रेमवाला आहे, गावातल्या निम्म्या देवांना त्याचीच चौकट. मी चित्र जुन्या साडीत गुंडाळून ऑटोतून नेलं. त्यानं साडी सोडली, माप घेतलं, मधली जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. प्रश्न ओठांशी आलेला माणूस मी काचेच्या खिडकीतून हजार वेळा पाहिला आहे. त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण भर बाजारात, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, शेजारी एक बाई आपल्या सासऱ्यांच्या फोटोला हार असलेली फ्रेम मागतेय, अशात अस्तित्ववाद कोण सांगणार? आणि जे मला स्वतःला पटलेलं नाही ते मी तमिळमध्ये तरी कसं पटवणार? “सरांचें चित्र आहे, जपून करा,” एवढंच सांगून मी निघून आले.

फ्रेमवाल्यानं जपून केलं. इतकं जपून की काय सांगू.

आमच्याकडे चित्रै महिन्याच्या पहिल्या सकाळी, म्हणजे तमिळ नववर्षाला, उठल्याउठल्या पाहायला म्हणून ताटात फळं, फुलं, दागिने मांडतात आणि त्यामागे आरसा ठेवतात. काही घरांत देवीच्या कलशामागेही आरसा असतो. त्या माणसाच्या हिशोबी मंडपात एकतर देव असतो, नाहीतर आरसा. तिसरं काही असू शकतं हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं रिकाम्या जागेचा कागदावर छाप घेतला, कमानीच्या वळणाबरहुकूम आरसा कापला आणि पक्का चिकटवून टाकला. चित्र घरी पोचवायला तो स्वतः आला, आणि चित्रावरची साडी काढून बाजूला उभा राहिला, शाबासकीची वाट पाहत.

आरशात आम्ही दोघं होतो. सोन्याच्या मंडपात, पोपटांच्या खाली, पडदे सरलेले. हे पांढऱ्या बनियनमध्ये आणि मी कमरेला फडकं खोचलेली.

यांनी त्याला काही म्हटलं नाही, हे कबूल करायला हवं. पाणी दिलं, पाठवणी केली. तो गेल्यावर मात्र यांच्या अंगात आलं. आरसा काढायचा म्हणाले. मी टीचरला फोन केला; काढायला गेलात तर खालचा लेप सोलून येईल, खांबही जाईल, ती म्हणाली. मग हे इंग्रजीत बोलू लागले. यांचा राग फार वाढला की इंग्रजी येतं. हा गावंढळ कारभार आहे, या गावाला रिकामी जागा बघवत नाही, दिसली की त्यात काहीतरी कोंबतातच. बोलता बोलता यांनी आरशाकडे बोट केलं.

आरशातल्या माणसानंही बोट केलं. ते हलत होतं.

हे थांबले. हात खाली घेतला नाही. मला वाटतं यांनी आपला हात तसा पहिल्यांदाच पाहिला, म्हणजे दुसऱ्याचा हात पाहावा तसा. मी दारात उभी होते.

“चेहरा येत नाही आतां मला,” हे म्हणाले, तमिळमध्येही नाही, इंग्रजीतही नाही. “बाकी अस्कें येतें. चेहरा येत नाही. म्हणून पुसला.”

“ठाऊक आहे मला.”

“कधींपासून?”

“कॉफी अर्धी केली तेव्हांपासून.”

यांनी मान हलवली. मग खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे टंबलरसाठी हात पुढे करावा तसा तो हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. माझ्या हातांत तो थांबला नाही, थांबेल अशी माझी वेडी समजूत होती. तसाच हलत राहिला. मला रडू आलं, आणि हे म्हणाले, “रडतांना तरी आरशापासून लांब जा, दोघी दोघी दिसाय लागल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना त्या मंडपात उभं राहून भांग पाडताना पकडलं. आमचं भांडण तिथे संपलं. पण लेकीला सांगायचं राहिलंच होतं, आणि त्याबाबतीत यांचं म्हणणं बदललं नव्हतं. “तिच्या घरांतला पहिला दिवस आहे. त्या दिवशीं माझा हात पाहून रडायचें का तिनें? मागून सांगूं.” मी वाद घातला नाही. पण मागून म्हणजे कधी, हे यांनाही माहीत नव्हतं.

दिवसाच्या गाडीनं आम्ही कोइमतुराला गेलो, चित्र आमच्या दोघांच्या मध्ये. यांनी झब्बा घातला होता, खोल खिशाचा. हात खिशात. स्टेशनवर जावयांनी सामान घेतलं, लेकीनं मिठी मारली, तेव्हाही हात खिशातच. तिनं त्या खिशाकडे पाहिलं असं मला वाटलं. पण ती काही बोलली नाही. ती माझी लेक आहे.

गृहप्रवेशाला घर माणसांनी भरलं होतं. दूध उतू गेलं, होम झाला, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. मग लेक म्हणाली, आता अप्पांचा कृष्ण. जावयांनी चित्र भिंतीवर चढवलं आणि त्यावरची साडी काढली.

विहीणबाई पुढे होत्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, कपाळाला लावले, डोळे उघडले, आणि समोर स्वतःलाच पाहून दचकल्या. मग पटकन विस्कटलेले केस सारखे केले. सगळे हसले, त्याही हसल्या. आचार्यांची पंचाईत झाली. “देव कोणता म्हणून धरायचा?” त्यांनी यांना विचारलं. “मंत्र त्याचा म्हणायला हवा ना.” यांचा चेहरा उजळला. आता इडलीपात्रापासून सुरुवात होणार हे मी ओळखलं.

लेकीनं यांना बोलूच दिलं नाही. ती आरशासमोर जाऊन उभी राहिली, लग्नाच्या आदल्या दिवशी बसली होती तशी, हात पुढे धरून.

“अप्पा, डोळे उघडायचे राहिले.”

“आरशाला कुठले डोळे?” हे म्हणाले.

“मग कुंकूं लावा. तुमच्या हातानें. दुसऱ्याचा हात लागायचा नाही म्हणून तुम्हींच सांगितलेंत.”

कुंकवाचा करंडा तिच्या हातात होता. तिनं तो पुढे केला. हे उभेच राहिले. डावा हात पुढे करता आला असता. विहीणबाई वडीलधाऱ्या आहेत, त्यांना मान द्या, असं म्हणता आलं असतं. आरशाला कुंकू लावणं म्हणजे काय यावर एक छोटं भाषणही देता आलं असतं. ही सगळी निमित्तं यांच्या चेहऱ्यावर एकामागे एक उभी राहिलेली मला दिसत होती. पोस्टात मी अशी रांग पुष्कळ पाहिली आहे. मी मनात म्हणत होते, खिडकी बंद करा, एकालाही पुढे घेऊ नका.

यांनी खिशातून हात काढला.

तो सगळ्यांना दिसला. करंड्यात बोट बुडवताना कुंकू झब्ब्यावर सांडलं, नव्या पांढऱ्या फरशीवर सांडलं. बोट आरशापर्यंत जाईतो हात दोन्ही बाजूंना गेला, मग टेकला, घसरला, आणि कुंकू लागलं. ते कुठेतरी लागलं. लेक मधोमध उभी होती आणि कुंकू बाजूला, जरा खाली, डावीकडच्या खांबाजवळ, अंगठ्याएवढं फराटलेलं. यांनी ते पाहिलं आणि पुसायला बोट उचललं.

“नको,” लेक म्हणाली.

तिनं यांच्या हाताकडे पाहिलं. मग कुंकवाकडे पाहिलं. मग पदर सावरून ती एक पाऊल डावीकडे सरकली, गुडघे थोडे वाकवले, मान थोडी कलती केली, अजून थोडी, आणि थांबली.

“लागलें, अप्पा,” म्हणाली.

मी उभी होते तिथून ते कुंकू तिच्या खांद्यापलीकडे, मागच्या पंख्यावर दिसत होतं. मला काही कळेना. मी पुढे गेले, तिच्या मागून ताणून तिच्या गालाला गाल लावला आणि तिच्या नजरेनं पाहिलं. ते बरोबर तिच्या कपाळाच्या मधोमध होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती मान जराही हलू देत नव्हती.

मग प्रत्येकजण तसा उभा राहिला. उंच जावई गुडघ्यांत चांगलेच वाकले. विहीणबाई एका बाजूला झुकल्या. आचार्यही मंत्राचं विसरून वाकून पाहून आले. हे बाजूला उभे राहून सांगत होते, इकडे, अजून खाली, मान कलती करा, आणि सांगताना हातानं दाखवत होते. तो हात सगळ्यांसमोर हलत होता आणि यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

“अम्मा, आतां तूं,” लेक म्हणाली.

आमच्या घरात मी सगळ्यांत ठेंगणी. चित्र उंचावर टांगलेलं, त्यामुळे सगळे खाली वाकले तिथे मला टाचा उचलायला लागल्या. कपाळ पोचेना. मी आणखी ताणून उभी राहिले आणि डुलले. पडू नये म्हणून यांनी मागून माझा दंड धरला, त्याच हातानं. तो हात थरथरत होता, त्यामुळे मीही थरथरत होते, आणि आरशातलं ते कुंकू काही केल्या माझ्या कपाळावर ठरेना.

“हलूं नको गं,” हे म्हणाले.